टेम्पोवरच्या बेससाठी अॅनालॉग घेऊ की व्हर्च्युअल अॅनालॉग? बेंजो पार्टी आहे, बजेट 45 हजार

हर्णैचा_कीबोर्डवाला

नमस्कार मंडळी. मी हर्णैचा. दिवसा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो, आणि सुपारी असेल त्या रात्री आमच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, शिमगा आणि मे महिन्यात हळदी. हळदीच्या दिवसांत कधी कधी एका रात्रीत दोन गावं होतात, म्हणून सकाळी कारखान्यात मी आकडे चुकतो तो भाग वेगळा.

सामान असं: दोन बेंजो, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, कच्छी ढोल, ताशा. सगळं टेम्पोवर. दोन 18 इंची बेसचे डबे, वरच्या आवाजाचे दोन टॉप, मागे जनरेटर. मिक्सरमधून सगळं मोनोच जातं. आतापर्यंत मी डाव्या हाताने माझ्या घरगुती कीबोर्डमधलाच फिंगर बेस वाजवत आलो. तो घरात बरा वाटतो, टेम्पोवर रिकाम्या पिंपावर चापट मारल्यासारखा येतो. मध्यंतरी केळशीला मुंबईची एक पार्टी आली होती. त्यांचा बेस सिंथचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरचा होता. मी रस्त्याच्या पलीकडे वडापाव खात उभा होतो आणि हातातला कागद थरथरत होता. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

मग मित्राचा मायक्रोकॉर्ग, म्हणजे व्हर्च्युअल अॅनालॉग सिंथ, एका हळदीपुरता मागून नेला. घरी हेडफोनवर जाडजूड आवाज, अंगावर काटा. टेम्पोवर लावला तर काही सूर दणकन येतात आणि काही गायब. बरं, ठरावीक सूरच गायब होतो असंही नाही. तोच सा एका फेरीत येतो, पुढच्या फेरीत नाही. बेंजोवाले दादा मागे वळून विचारतात, "बंद केलास काय रे?" आणि माझं बोट पट्टीवर दाबलेलंच!

नंतर वाचलं की व्हर्च्युअल अॅनालॉग म्हणजे आत सगळी गणितं, खरा करंट नाही, म्हणून त्याचा बेस पोकळ असतो. ते पटलं, कारण अनुभव तसाच आला. म्हणून आता खरा अॅनालॉगच घ्यावा असं वाटतंय. यादीत तीन आहेत: नोव्हेशन बेस स्टेशन 2, कॉर्ग मोनोलॉग आणि बेहरिंजर मॉडेल डी. तो मित्र मायक्रोकॉर्ग 20 हजाराला विकतोय, पण पोकळ वस्तू घेऊन काय करू?

45 हजारांतले 15 हजार पार्टीच्या फंडातले आहेत. उद्या बेस नाही आला तर मला टेम्पोच्या मागे चालावं लागेल. उकाडा, दमट हवा, जनरेटर, ऐन विसर्जनात येणारी सर, हे सगळं धरून सांगा.

पेठेतला_ऑसिलेटर

अॅनालॉगच घे मित्रा, यात विचारण्यासारखं काय आहे?

मी पुण्यात स्टुडिओत रोज दोन्ही वापरतो. 1970 चा मिनीमूगच बघ ना. तीन ऑसिलेटर (मूळ लाट काढणारे भाग), वरचे सूर कापणारा 24 डीबीचा लॅडर फिल्टर, आणि इतकी वर्षं झाली तरी लोक त्याच बेसच्या मागे आहेत. मॉडेल डी म्हणजे तीच रचना स्वस्तात. अॅनालॉगमध्ये ऑसिलेटर सतत चालू असतात, तुझी पट्टी दाबली जाण्याची वाट बघत नाहीत. त्यामुळे प्रत्येक सूर लाटेच्या वेगळ्या ठिकाणी सुरू होतो आणि कुठलेही दोन सूर हुबेहूब सारखे नसतात. त्यातच जीव आहे. व्हर्च्युअल अॅनालॉग 1995 च्या नॉर्ड लीडपासून चालत आलेत, चांगलेही आहेत, पॅड आणि लीडला मी घेतो. पण बेस म्हटलं की अॅनालॉग.

मायक्रोकॉर्ग तर 2002 चा आहे. त्या पैशात आता पाच-दहा हजार घाल आणि मॉडेल डी आण.

सोल्डरकाका_रत्नागिरी

बाळा, अजून पैसे देऊ नकोस कुणाला.

मी रत्नागिरीत अॅम्प्लिफायर आणि कीबोर्ड दुरुस्त करतो. पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बेस वाजवायचो, आता कंबर रात्रीचं उभं राहू देत नाही. तुझ्या प्रश्नात मला एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं. तोच सूर एका फेरीत येतो आणि पुढच्या फेरीत नाही. मशीन पोकळ असती तर प्रत्येक फेरीत पोकळ लागली असती. येतो-जातो म्हणजे दोन गोष्टी एकमेकांना खातायत.

तू बहुतेक दोन ऑसिलेटरचा, थोडा सरकवलेला जाड बेस लावला असणार. घरी तोच सगळ्यांना आवडतो. आता हिशेब बघ, तुझा धंदाच तो आहे. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून 10 सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा दहावा भाग, सरकवले. वर 440 हर्ट्झला त्याचे सेकंदाला अडीच हेलकावे होतात. त्याला आपण गोडवा म्हणतो. तेच 10 सेंट खाली 55 हर्ट्झवर नेले की एक हेलकावा पुरा व्हायला तीन सेकंद लागतात. म्हणजे दीड सेकंद आवाज चढतोय आणि दीड सेकंद उतरतोय, आणि दोन्ही ऑसिलेटरची पातळी सारखी असेल तर मधल्या एका क्षणी मूळ सूर जवळजवळ शून्यावर. तुझं बोट त्या क्षणी पडलं की दादा मागे वळणारच.

मग हेडफोनवर का नाही कळलं? कारण करवती लाटेत मूळ सुराच्या वर हार्मोनिकांची, म्हणजे त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांची, रांग असते, आणि त्यातला प्रत्येक आपापल्या वेगाने हलतो. एक बुडाला तर दुसरा वर असतो, कानाला भरीव लागत राहतं. तुझ्या 18 इंची डब्याकडे ती रांग पोचतच नाही, बेस आणि टॉपचे सूर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरने कापलेली असते. त्याच्या वाट्याला फक्त तळाचा सूर, आणि नेमका तोच झोके घेतोय.

पेठेतल्या साहेबांनी सांगितलेल्या तीन ऑसिलेटरच्या मशीनवर तीनही सरकवलेस तर तिथेही हेच होईल. हा दोष जातीचा नाही, पॅचचा आहे, म्हणजे तू लावलेल्या आवाजाचा. आणि कुठलेही दोन सूर सारखे नसतात हे ते म्हणतात ते खरंच आहे, पण हळदीत लोक नाचायला आलेले असतात. त्यांना प्रत्येक ठोका सारखाच हवा असतो.

दुसरं. मायक्रोकॉर्गच्या शेवटी मॉड एफएक्स आहे, आवाज पसरवणारा कोरस वगैरे. तो डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी हलवतो. तू एकच पिन लावतोस, दोन्ही बाजू तिथे एकत्र होतात, आणि जिथे उलट्या पडल्या तिथे कापल्या जातात. बेसवर कोरस ठेवायचा तर घरी बसून ठेवायचा.

तिसरं, तू कुठल्या सप्तकात वाजवतोस ते लिहिलं नाहीस. सगळ्यात खालच्या सी ला गेलास तर तो 32.7 हर्ट्झ. आपल्याकडचे बहुतेक डबे 40 च्या खाली दमतात. स्पीकरचा कोन नुसता मागेपुढे करतो, जनरेटरवर बोजा पडतो, ऐकू काही येत नाही. एक सप्तक वर वाजव. 55 ते 110 च्या मधे सगळा खेळ ठेव.

आता माझ्याच दुकानातली गोष्ट सांगतो. माझ्याकडे एक जुना रोलंड एसएच-101 आहे, 1982 चं मॉडेल. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला आणि पुढे मलाच विकला. त्यात ऑसिलेटर एकच. खाली सब ऑसिलेटर आहे, पण तो वेगळा ऑसिलेटर नाही. मुख्याचीच लाट भागून एक किंवा दोन सप्तकं खाली आणलेली असते. बापाचा हात धरून चालणारं पोर, पुढे नाही मागे नाही. म्हणून त्याचा बेस इतका घट्ट. तो आणि दुरुस्तीला आलेला एक मायक्रोकॉर्ग मी एकाच अॅम्पला लावले. दोन्हीकडे एकच करवती लाट, 24 डीबीचा फिल्टर, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला सूर उचलून धरणारी खुंटी) बंद, पातळी मीटरवर सारखी केलेली. दुकानात चहाला बसलेल्या चार वाजवणाऱ्यांना पाठ करून उभं केलं. हेडफोनवर दोघांनी काहीतरी फरक सांगितला, पण दोघांचा फरक एकमेकांशी जुळेना. 18 इंची डब्यावर कुणालाच सांगता आलं नाही. एक जण मात्र दर वेळी बरोबर सांगत होता. खोदून विचारल्यावर म्हणाला, "काका, तुमच्या जुन्याच्या चॅनलला हम येतोय." अर्थिंग मीच नीट केलं नव्हतं.

म्हणजे फरक नाहीच असं म्हणत नाही मी. रेझोनन्स चढवून फिल्टर हाताने फिरवलास, किंवा ऑसिलेटरची पातळी वाढवून फिल्टरला रेटलंस, की अॅनालॉग जसा गुरगुरतो तसा 2002 चा डीएसपी, म्हणजे आतली गणितं करणारी चिप, गुरगुरत नाही. पण त्याच वेळी मूगच्या लॅडर फिल्टरचा स्वभावही माहीत असू दे: रेझोनन्स वाढवला की तळ कमी होतो. तेव्हा टेम्पोवर तुला तो फिरवायचाय किती? एक हात बेसवर, दुसरा कोळीगीताच्या चालीवर. तिसरा हात असेल तर कळव.

आणि डिजिटलचा म्हणून जो दोष सांगतात तो एलियासिंगचा, वरच्या सुरांत खरखर येते. खाली 55 हर्ट्झवर तो दोष ऐकायला कान कुत्र्याचे लागतील.

एक ऑसिलेटर पुरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. रोलंडची टीबी-303 आली ती बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला. एकच ऑसिलेटर, करवती नाहीतर चौकोनी. बेस गिटारसारखी ती मुळीच वाजली नाही आणि बाजारात पडली. पण आपल्या मुंबईत फिल्मी ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली तीच पेटी 808 रिदम मशीन आणि ज्युपिटर-8 सिंथसोबत घेतली आणि डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. पुढे 2010 मध्ये ती परत छापली गेली तेव्हा साहेब लोक थक्क झाले, की हा आवाज शिकागोच्या अॅसिड हाउस संगीताच्या आधी मुंबईत कसा! त्यातला बेस एका ऑसिलेटरवर, बरं का.

आता तुझा उकाडा. अॅनालॉगच्या ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचा सूर करणारा जो भाग असतो त्यातला ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा असतो. काहीच उपाय केला नाही तर अंशाला साधारण 0.33 टक्के सरकतो. म्हणजे एका सप्तकाच्या अंतरावर दर अंशाला 4 सेंट. दुपारी चारला टेम्पोवर उन्हात ट्यून केलास आणि रात्री नऊला खाडीचा वारा सुटला, दहा अंश उतरले, की 40 सेंट गेले. बेंजोच्या तारा तुझ्यासाठी सरकणार नाहीत. अर्थात असं उघडं कुणी सोडत नाही. तिथे उलट्या बाजूने सरकणारा टेम्पको रेझिस्टर लावतात, आणि हल्लीचे मोनोलॉगसारखे स्वतःच ट्यून करून घेतात. बेस स्टेशन 2 मध्ये तर डीसीओ आहे, त्याचा सूर डिजिटल घड्याळावर चालतो, तो हलणार नाही. तरी मॉडेल डी घेतलास तर सुपारीच्या आधी अर्धा तास चालू करून ठेवायला लागेल आणि अधूनमधून ट्यूनरवर बघायला लागेल, हे धरून चाल.

मॉडेल डी तुझ्यासाठी आणखी एका कारणाने नको. त्याला स्वतःच्या पट्ट्या नाहीत आणि पॅच साठवायची सोयही नाही. तुझ्या घरगुती कीबोर्डला मागे गोल पाच पिनांचा मिडी (एका मशीनच्या पट्ट्यांनी दुसरं वाजवायची जोडणी) आहे का बघ. फक्त चौकोनी यूएसबी असेल तर दोन्ही थेट जोडता येणार नाहीत, मधे आणखी एक डबी लागेल. आणि टेम्पोला खड्डा बसला, सराव नसलेल्या कुणाचा कोपर लागला, की सगळ्या खुंट्या हलल्या. स्टुडिओत फोटो काढून ठेवता येतो. हळदीत नवरदेवाचा मामा "परत तेच लावा" म्हणतो तेव्हा फोटो बघत बसणार आहेस का?

यादीतलं खरं बेसचं मशीन म्हणशील तर बेस स्टेशन 2. दोन ऑसिलेटर, वर सब, 25 पूर्ण आकाराच्या पट्ट्या, पॅच साठतात. मोनोलॉगच्या पट्ट्या बारीक आहेत आणि फिल्टर 12 डीबीचा. त्याचा आवाज जरा उघडा राहतो, पण टॉपमधून बेस कळायला तो उघडेपणा कामाला येतो. जनरेटरची भीती असेल तर मोनोलॉग आणि मायक्रोकॉर्ग दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. जनरेटरने उचकी खाल्ली तरी मशीन मरत नाही. मोठी गोष्ट आहे ही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कीबोर्डांत अडॅप्टरच्या मार्गाने मेलेले जितके असतात तितके पावसाने मेलेले नसतात.

खारा वारा दोघांनाही सारखाच. पॉट, स्लायडर, पिनांची भोकं, पट्ट्यांखालचे कार्बनचे रबर. वाजवून झाल्यावर गरम मशीन लगेच पिशवीत कोंबू नकोस, आधी पुसून थोडं उघडं ठेव.

पण हे सगळं नंतर. उद्या सकाळी दोन कामं कर. मित्राचा मायक्रोकॉर्ग पुन्हा आण. मशीनच्या आतल्या मिक्सरमध्ये ऑसिलेटर दोनची पातळी शून्य, मॉड एफएक्सची खोली शून्य, व्हॉइस असाइन मोनो (एका वेळी एकच सूर), सप्तक एक वर. फिल्टरला एन्व्हलपचा थोडा हिसका दे, डिके आखूड, म्हणजे सूर लागताना फिल्टर उघडून लगेच मिटेल. घरी बारीक वाटेल, घाबरू नकोस. आणि दुसरं, दोन्ही 18 इंची डब्यांच्या वायरी अॅम्पमधून काढ आणि एकेकीला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लाव. प्लसला प्लस. दोन्ही कोन एकाच बाजूला हलले पाहिजेत. हे का सांगतोय, तर तुझा फिंगर बेससुद्धा रिकाम्या पिंपासारखा येतो म्हणालास. ते ऑसिलेटरचं दुखणं नाही. फिंगर बेस काही हेलकावे घेत नाही.

पेठेतला_ऑसिलेटर

काका, हेलकाव्यांचं मान्य. मीही बेसचा तळ एकाच ऑसिलेटरवर ठेवतो आणि सरकवलेला दुसरा वरच्या सप्तकात, हे लिहायचं राहिलं. पण अॅनालॉगला खुंट्यांचा जो हात लागतो त्याची किंमत तुम्ही कमी धरताय. मायक्रोकॉर्गवर पाच खुंट्या आणि बाकी सगळं छापील तक्त्यात शोधायचं. मुलगा त्यावर आवाज घडवायला शिकणार कसा?

सोल्डरकाका_रत्नागिरी

हा मुद्दा शंभर टक्के. मी स्वतः एसएच-101 विकत नाही तो त्याचसाठी. शिकायचं असेल तर प्रत्येक कामाला वेगळी खुंटी असलेलं मशीन हवं, मग ते अॅनालॉग असो नाहीतर रोलंडच्या गाया एसएच-01 सारखं व्हर्च्युअल. पण त्याने टेम्पोचं विचारलंय.

कुडाळचो_पॅडवालो

मी पॅडवालो, माका तुमच्या ऑसिलेटरातला काय कळणा नाय. पण एक सांगतंय. बेस वाजवतस तेव्हा पॅडवाल्याचो किक खय पडता ता आधी ऐक. आमच्या कीबोर्डवाल्यान गेल्या वर्साक नवो सिंथ हाडलो आणि सरळ किकच्या डोक्यार बेस ठेवन दिल्यान. दोघांचाय वाटोळा. माझो किक ऐकाक येय ना, त्याचो बेस ऐकाक येय ना, नि नाचणारे म्हणतत ढोल वाढवा. मगे ठरला, किक पडलो की बेस मागसून येतलो आणि फुडच्या किकच्या आधी सुटतलो.

आणि जाड प्लास्टिक घेवन ठेव. अॅनालॉग काय नि डिजिटल काय, पाऊस दोघांकय सारखोच भिजवता.

हर्णैचा_कीबोर्डवाला

काका, दोन्ही कामं केली. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण मधे आंजर्ल्याची हळद होती.

आधी सेल. डावा डबा: कोन बाहेर. उजवा डबा: कोन आत. मी सेल उलटा लावला असेन म्हणून तीनदा करून बघितलं, मग दादांना बोलावलं, त्यांनी केलं तरी आतच. गेल्या पावसाळ्याच्या आधी त्या डब्याचा कोन एकीकडे बदलून घेतला होता, तेव्हाच वायरी उलट्या लागल्या असणार. म्हणजे वर्षभर एक डबा हवा ढकलत होता आणि दुसरा ओढत होता, आणि आम्ही दर सुपारीला अॅम्पचा आवाज वाढवत होतो. दादा काही बोलले नाहीत. स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. वायरी फिरवल्या आणि मी माझ्या जुन्याच कीबोर्डचा फिंगर बेस वाजवला, तर शेजारच्या पडवीतल्या पत्र्याने उत्तर दिलं.

मग मायक्रोकॉर्ग. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. घरी हेडफोनवर इतका बारीक वाटला की नेऊ की नको असं झालं. आंजर्ल्याला पहिलं गाणं, एकही सूर गायब नाही. दादा एकदाही मागे वळले नाहीत, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी दाद. दुसऱ्या गाण्याला लीडचा आवाज हवा होता म्हणून पॅच बदलला, तिसऱ्याला परत बेसवर आलो तर तोच पहिला फुगलेला बेस हजर! मी राइट, म्हणजे सेव्ह, केलंच नव्हतं. सगळं बदललेलं वाहून गेलं. मग नवरदेवाकडची मंडळी कुठलं गाणं हवं यावर भांडत होती त्या पाच मिनिटांत मोबाइलच्या उजेडात तक्ता बघून पुन्हा केलं, आणि या वेळी राइट दाबलं. पेठेतल्या दादांचा खुंट्यांचा मुद्दा तेव्हा नीट समजला.

कुडाळच्या दादांचंही ऐकलं. आमचा पॅडवाला आधी म्हणाला "तू माझ्या मागे येतोस असं वाटतंय", मग म्हणाला "तसाच ये".

आता विचारतो ते असं. तळाला थोडा भार अजून हवासा वाटतो. मायक्रोकॉर्गमध्ये सब ऑसिलेटर नाही. ऑसिलेटर दोन बरोबर एक सप्तक खाली लावला आणि बारीक ट्यून शून्यावर ठेवला तर पुन्हा हेलकावे येतील का?

सोल्डरकाका_रत्नागिरी

नाही येणार. बरोबर 12 सेमीटोन खाली आणि बारीक ट्यून नेमका शून्य असेल तर डिजिटलमध्ये दोघं एकमेकांना सोडत नाहीत. हे अॅनालॉगच्या दोन वेगळ्या ऑसिलेटरना इतकं नेमकं जमत नाही, तिथे जरासं तरी सरकतंच. इथे गणिताचा फायदा आहे, घे. फक्त त्याची पातळी मुख्यापेक्षा कमी ठेव, आणि 80 हर्ट्झच्या वर वाजवतोस तिथेच तो चालेल. 65 ला उतरलास तर तो परत 32 वर जाईल.

डब्याचं ऐकून बरं वाटलं. दुरुस्तीवाल्याला शिव्या देऊ नकोस. मीही एकदा केलंय ते, दोन डबे एकाच दिवशी आले होते आणि लाल वायर संपली होती.

मशीनचं काय ठरलं?

हर्णैचा_कीबोर्डवाला

मित्राने 19 हजाराला दिला, वर पिशवी आणि अडॅप्टर. अडॅप्टर घरी ठेवलाय. सेल मात्र चार्जिंगचे घेतले, बारा, सहा आत आणि सहा खिशात.

फंडातले 15 हजार दादांनी परत घेतले. त्यांचं म्हणणं, बेस तर वायरी फिरवल्यावर फुकटात आला, मग सिंथ तुझ्या हौसेचा, तुझ्या पैशाचा. वाद घालायला जागा नव्हती. त्या पैशातून ते आता टेम्पोला नवीन ताडपत्री आणि जाड प्लास्टिक घेणार आहेत.

काका, तुमचा एसएच-101 एकदा ऐकायचाय. पुढच्या रविवारी दुकान उघडं आहे का? दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून, पुढे तवसाळ-जयगड फेरी घेऊन गाडीवर येईन. अर्थिंग तेवढं करून ठेवा.